सात ओळींची चौकट

श्यामकांत वैद्यांनी शुक्रवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. फोटोत एकच अक्षर होतं, 'प'. सात ओळींइतकं उंच, गेरूच्या रंगावर निळं, कडेने सोनेरी रेघ. अक्षराचा काना म्हणजे दिव्याचा खांब, त्याच्या टोकाला साळुंकी. पोटातल्या मोकळ्या जागेत माकडटोपी घातलेला एक म्हातारा काठी टेकत चाललेला. खाली वैद्यांनी लिहिलं होतं, 'माझ्या लेखाचे आद्याक्षर. धन्य झालो.'

नऊ बाराला अध्यक्ष सीताराम दळवींनी विचारलं, 'सुंदर. माझे किती ओळींचे आहे?'

कुंदा टिपणीस तेव्हा पोळ्या करत होत्या. त्यांनी पिठाच्या बोटाने उत्तर दिलं, 'दोन.'

अकरा मिनिटांनी दळवींचा संदेश आला, 'उद्या सायंकाळी सहा वाजता कार्यकारिणीची तातडीची सभा. विषय : अक्षरांच्या आकाराबाबत.' कुंदाताईंनी तो वाचला आणि तव्यावरची पोळी करपली.

वाचनालय मुलुंड पूर्वेला एका वसाहतीच्या तळमजल्यावर आहे. दर वर्षी डिसेंबरात वर्धापनदिनाला ते हस्तलिखित अंक काढतं. प्रत एकच. त्या रविवारी ती टेबलावर ठेवतात, सभासद हात धुऊन रांगेने येतात, उभ्या उभ्या वाचतात, आपलं नाव कुठे आहे ते बघतात. मग अंक काचेच्या कपाटात जातो. अंक छापून काढावा, असा ठराव दर वर्षी येतो आणि दर वर्षी पडतो. कपाटात पंचेचाळीस अंक आहेत. त्यांतले शेवटचे एकोणीस कुंदाताईंच्या अक्षरातले. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं टिपणं लिहून झालेलं ते अक्षर होतं : उभं, सुटं, काळं. त्याच्यावर कोणी कविता केली नव्हती, पण एकोणीस वर्षांत एका पानावरही खाडाखोड नव्हती.

यंदाच्या अंकात चौकटी आल्या त्या ऋतामुळे. ऋता कॉलेजात कलेचा इतिहास शिकवते. जूनमध्ये तिने वाचनालयात एक भाषण दिलं, युरोपातल्या मध्ययुगीन पोथ्यांवर. पडद्यावर एकामागून एक पानं आली. वासराच्या कातड्याचा कागद, त्यावर दाट लिखाण, आणि प्रकरणाच्या सुरुवातीला एक मोठं, नटवलेलं अक्षर. अक्षरात वेली, वेलींत माणसं, माकडं, गोगलगायी, कुठे सोन्याचा पत्रा. ऋताने सांगितलं की पोथी लिहिणारा वेगळा आणि अक्षर रंगवणारा वेगळा. लिहिणारा पहिल्या अक्षराची जागा मोकळी सोडायचा. कधी दोन ओळींची चौकट, कधी सातांची. चौकटीत बारीकसं अक्षर टिपून ठेवायचा, म्हणजे रंगवणाऱ्याला कळेल काय काढायचंय. पुष्कळ पोथ्यांत चौकटी तशाच रिकाम्या राहिल्या आहेत, कारण रंगवणारा आलाच नाही.

तेवीस श्रोत्यांपैकी बहुतेकांना सोनं लक्षात राहिलं. कुंदाताईंच्या लक्षात राहिली मोकळी चौकट.

कारण त्यांचा उजवा हात मे महिन्यापासून थरथरत होता. डॉक्टरांनी कंपवाताची सुरुवात म्हटलं आणि गोळ्या दिल्या. गोळी घेतल्यावर सकाळी सात ते नऊ हात बहुधा ऐकायचा. 'बहुधा' हा शब्द डॉक्टरांचा. काही दिवशी ऐकायचा, काही दिवशी नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळे हळहळले असते, आणि पुढच्या मिनिटाला अंक दुसऱ्या कोणाला दिला असता.

त्यांनी काम असं लावलं. सकाळी सातला रद्दी कागदावर एक उभी रेघ ओढून बघायची. रेघ सरळ आली तर मधलं पान घ्यायचं, बावीस ओळी सलग. रेघ हलली तर नवा लेख सुरू करायचा आणि त्याच्या पहिल्या पानावर चौकट सोडायची. थोडी हलली तर चार ओळींची, जास्त हलली तर सातांची. चौकटीशेजारच्या ओळी आखूड होतात. आखूड ओळीत हात टेकलेला राहतो, त्याला लांब जावं लागत नाही. कधी रेघ अगदी सरळ आलेली असताना लिहायला मधलं पानच शिल्लक नव्हतं, तेव्हा नवा लेख घेतला आणि दोन ओळींची चौकट सोडून पान भरलं. असे दिवस चारदा आले. लेख तीन पानांचे ठरलेले होते, त्यामुळे ज्याची चौकट मोठी त्याला फोन करून चार वाक्यं कमी करून घेतली. कोणी कुरकुर केली नाही. अकरा लेख, तेहतीस पानं, चार महिने.

चौकटी भरायला त्यांनी भांडुपच्या जयवंत परबांना गाठलं. परबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. भांडुप ते घाटकोपर निम्मी मेडिकल, सगळी सलूनं, आरेतल्या एका तबेल्याच्या गेटावरचं नाव. फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं. आता कधी देवळाच्या कमानीवर अक्षरं काढतात, कधी घरी बसतात. अकरा अक्षरांना किती दिवस लागतील, असं कुंदाताईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दहा." लागले अडतीस. रोज फोन करावा लागला. "परब, 'म' झाला का?" "'म' वाळतासा, बाई." तिसऱ्या आठवड्यातही 'म' वाळतच होता.

गुरुवारी पानं परत आली. कुंदाताईंनी ती कपाटात ठेवली, कुलूप लावलं. दुसरी किल्ली उपाध्यक्षांकडे असते. उपाध्यक्ष म्हणजे वैद्य.

शनिवारी सभेला सहा जण अपेक्षित होते, चार आले. शिवाय परबांना बोलावून घेतलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीवर बसले. दळवी येताना फूटपट्टी घेऊन आले होते.

"मी मोजून घेतो," ते म्हणाले. "म्हणजे भावनेवर बोलायला नको."

त्यांनी पट्टी लावली. वैद्यांचा 'प' सहा पूर्णांक तीन सेंटिमीटर. दळवींच्या मनोगताचा 'आ' एक पूर्णांक आठ. कार्यवाह वनमाला सामंतांनी दोन्ही आकडे इतिवृत्ताच्या वहीत लिहिले.

"मी अध्यक्ष आहे म्हणून बोलत नाही," दळवी म्हणाले.

"मग कोण म्हणून बोलताय?" कुंदाताईंनी विचारलं.

"वाचक म्हणून. आपल्या नाक्यावर बॅनर लागतात ना? ज्याचा फोटो दाराएवढा तो साहेब. ज्याचा बटणाएवढा तो खालच्या रांगेतला कार्यकर्ता. हे लोकांना शिकवावं लागत नाही. पुढच्या रविवारी दोनशे माणसं येणार, अंक उघडणार, आणि बघणार की वैद्य दाराएवढे आणि मी बटण."

"दळवीसाहेब, गुणवत्तेचाही भाग असू शकतो ना," वैद्य नम्रपणे म्हणाले.

"तुमचा लेख मॉर्निंग वॉकवर आहे, वैद्य."

"पण तो ललित आहे."

"माझं चार ओळींचं आहे," वनमालाबाई म्हणाल्या, "मी काही बोलले का?"

"बोलताय की आता."

"मी वेगळं विचारणार होते. हे सोनेरी कशाने चिकटवलंय? ऋता त्या दिवशी अंड्याचं पांढरं म्हणाली होती. माझा लेख अष्टविनायकावर आहे, एवढंच सांगते."

सगळ्यांनी परबांकडे पाहिलं.

"डिंक आहे," परब म्हणाले. "अंडं एकदा ट्राय केलं घरी. सुनेने वाटीसकट बाहेर काढला मला."

वनमालाबाईंनी 'डिंक' असं लिहून त्याखाली रेघ मारली.

कुंदाताई पानांच्या मोठ्या पाकिटाखाली हात झाकून बसल्या होत्या. संध्याकाळी सहाला गोळीचा काही उपयोग नसतो. त्यांना या तिघांचा वैताग आला होता, आणि त्याहून जास्त याचा, की यांतला कोणीही अंकात काय लिहिलंय याबद्दल बोलत नव्हता. चार महिने. तेहतीस पानं. ललित म्हणे.

"तुमचं म्हणणं काय, दळवी? सरळ सांगा."

"सरळच. सगळी अक्षरं समान, चार ओळींची. भांडण नको. किती पानं बदलावी लागतील?"

"सात. सातवाली तीन आणि दोनवाली चार."

"बघा. सात पानं, आठ दिवस. तुम्हाला काय अवघड आहे, कुंदाताई? तुमचा हात म्हणजे मशीन."

"मशीनच," वैद्य म्हणाले. आपला 'प' जाणार हे त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

कुंदाताईंनी मनात हिशेब केला. शेवटचं पान लिहिल्याला सहा आठवडे झाले होते. त्यानंतर हात आणखी बिघडला होता. गेल्या आठवड्यात बँकेने त्यांची सही दोनदा परत केली. आठ दिवसांत सात पानं सोडा, एक पानही पूर्वीच्या शेजारी ठेवण्यासारखं झालं नसतं. आणि नवं पान जुन्याशेजारी आलं की फूटपट्टी लागली नसती, शेंबड्या पोरालाही फरक दिसला असता.

"मी परत लिहिणार नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"लिहून झालंय म्हणून."

"हे काही उत्तर नाही, कुंदाताई. हा हट्ट झाला."

परब खुर्चीवरून उठले. "साहेब, बाईंची चूक नाही. चौकटी केवढ्या सोडायच्या ते मी सांगितलं. मला जिथे चित्र सुचलं तिथे मोठी सोडायला लावली. जे काय आहे ते माझ्यावर घाला."

दळवींचा चेहरा मोकळा झाला. "मग प्रश्नच मिटला. परबांचे आभार मानू. ही सात पानं अक्षरं न घालता नव्याने करून घेऊ, साधी. वनमालाताई, लिहा : चौकटींचे आकार श्री. परब यांनी परस्पर ठरवल्याचे त्यांनी मान्य केले."

वनमालाबाई लिहू लागल्या.

"थांब," कुंदाताई म्हणाल्या. "ते खोड."

"का? ते स्वतःच म्हणाले."

"खोटं म्हणाले. पानं त्यांच्याकडे नोव्हेंबरात गेली. चौकटी ऑक्टोबरात सोडून झाल्या होत्या. परब, तुम्हाला कोणी मध्ये पडायला सांगितलं होतं? अडतीस दिवस अक्षरं दिली नाहीत ती दिली नाहीत, वर आता खोटं बोलून इतिवृत्त बिघडवताय."

परब खाली बसले.

छत्तीस वर्षांत कुंदाताईंनी अनेक निर्णय पाहिले होते, काही वेडगळ, काही लबाड. पण आपल्यासमोर चुकीची नोंद लिहिली जात असताना गप्प बसणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. बदल्या झाल्या होत्या त्यापायी. त्यांनी पाकीट बाजूला केलं. हात टेबलावर ठेवला. हात हलत होता, टेबलावरची फूटपट्टीही त्याबरोबर टकटक वाजली. त्यांनी तो उचलला नाही.

"लिही, वनमाला. वैद्यांचा लेख, पहिलं पान, चौदा ऑगस्ट, सकाळी सात. हात वाईट. चौकट सात ओळी. तुझा अष्टविनायक, वीस ऑगस्ट, हात मध्यम. चौकट चार ओळी. अध्यक्षांचं मनोगत, दोन सप्टेंबर, हात उत्तम. चौकट दोन ओळी. बाकीच्या आठ तारखा घरी कागदावर आहेत, सोमवारी आणून देते. चौकटी माझ्या हाताने ठरवल्या. कोणाचा मान, कोणाचं ललित, काही संबंध नाही. मला कंपवात आहे. सात पानं परत लिहिणं मला शक्य नाही. पूर्णविराम."

वनमालाबाईंनी 'वैद्यांचा लेख'पासून पूर्णविरामापर्यंत सगळं लिहून घेतलं.

पहिल्यांदा वैद्य बोलले. त्यांनी आपलं पान जवळ ओढलं, साळुंकीकडे पाहिलं, माकडटोपीकडे पाहिलं. "म्हणजे माझ्या लेखाला..."

"वाईट दिवस मिळाला. चार वाक्यंही कमी झाली तुमची. फोन केला होता मी."

"तुम्ही म्हणालात, घट्ट होईल म्हणून."

"झालाच आहे घट्ट."

मग एकदम सगळे हळू आवाजात बोलायला लागले. वैद्यांनी एका ओळखीच्या न्यूरॉलॉजिस्टचं नाव सांगितलं, ठाण्याचे, हात फार चांगला. वनमालाबाईंनी पाण्याचा पेला आणला आणि तो कुंदाताईंच्या तोंडाशी धरला.

"मला कंप आहे, वनमाला. पेला टेबलावर ठेव. आणि मोठ्याने बोला सगळे, कोणी गेलेलं नाही."

दळवी इतका वेळ आपल्या पानाकडे बघत होते. दोन ओळींचा 'आ', त्यात एक चिमुकलं उघडं पुस्तक, आणि खाली वीस ओळी पूर्ण रुंदीच्या, एकही रेघ न हललेल्या.

"माझं मनोगत चांगल्या दिवशी लिहिलंत?"

"सगळ्यात चांगल्या. त्या दिवशी तासाभरात पान झालं."

"असं." त्यांनी फूटपट्टी खिशात टाकली. जराशाने म्हणाले, "तशी नोंद घेता येईल का?"

"घेतली आहे. 'हात उत्तम'."

"नाही, ठीक आहे मग. माझा विरोध नाही." पानाची डावी कड त्यांनी बोटाने चाचपली. "तरी पण... इथे समासात काही नाजूक, वेलबिल, खालपर्यंत..."

कुंदाताईंनी डोळे मिटले. एवढं सगळं सांगून झाल्यावरही हा माणूस वेल मागत होता. त्यांना ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी कुठेतरी बरंही वाटलं. निदान हा हळू आवाजात बोलत नव्हता.

"परब, समासात होईल?"

"होईल. 'आ'च्या पायातून काढतो. गुरुवारपर्यंत."

"बुधवारपर्यंत. आणि माझ्या ओळीला ब्रश लागता कामा नये."

"मलाही थोडी..." वैद्य म्हणाले.

"वैद्य, तुमच्याकडे साळुंकी आहे."

ठराव असा झाला की अंक आहे तसा ठेवावा, अध्यक्षांच्या पानावर समासात एक वेल काढावी. एकमताने मंजूर. त्यानंतर वनमालाबाईंनी आयत्या वेळचा विषय काढला. हल्ली कॉम्प्युटरवर हस्ताक्षरासारखे फॉन्ट मिळतात, अगदी हाताने लिहिल्यासारखे. पुढच्या वर्षी कुंदाताईंना त्रास नको. त्यांनी फक्त मार्गदर्शन करावं, पहिल्या पानावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात टाकू.

"किती ओळींच्या?" कुंदाताईंनी विचारलं.

वनमालाबाईंना कळलं नाही. "तुम्ही म्हणाल तेवढ्या."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. सभा संपली का?"

संपली होती. कुंदाताईंनी पानं मोजली, तेहतीस. दळवींचं पान परबांना दिलं, बाकीची कपाटात ठेवली. किल्ली दोनदा भोकाच्या बाजूला गेली. वैद्य मदतीला पुढे झाले, त्यांच्याकडे बघून मागे सरले. तिसऱ्यांदा कुलूप लागलं. मग त्यांनी वैद्यांपुढे हात केला आणि दुसरी किल्ली मागून घेतली.

बाहेर परब पान पुठ्ठ्यात घालून बांधत होते. सुतळीची गाठ त्यांच्याही बोटांना लवकर जमेना.

"तुम्हाला माहीत होतं," कुंदाताई म्हणाल्या.

"ता माका पयल्याच दिवशी दिसला, बाई. चौकट मोठी त्या पानार रेघ हलता. चाळीस वर्सां रेघाच काढल्यो, तेवढा नाय दिसाचा?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलाक नाय, मी कशाक बोलू?"

कुंदाताईंनी पुठ्ठ्यावरची गाठ नीट बसली आहे का ते ओढून पाहिलं. रिक्षा येत नव्हती. त्यांनी तीन रिकाम्या रिक्षांना हात केला, तिन्ही न थांबता गेल्या.

"परब, चौकट पूर्ण पानाची केली तर एका अक्षराला किती दिवस लागतील तुम्हाला? खरे दिवस सांगा. वाळतंय वगैरे धरून."

परबांनी विचार केला. "पानभर? बावीस."

"लेख दोन पानांचे करायचे. पहिलं पान तुमचं, दुसरं माझं. दुसऱ्यावर जेवढं मावेल तेवढं, उरलेलं लेखकाने कापायचं. म्हणजे मला वर्षात अकरा चांगले दिवस लागतील. अकरा मिळतील." त्यांनी बोटांवर मोजलं, बोटं हलत असल्यामुळे पुन्हा मोजलं. "आणि तुमचे अकरा गुणिले बावीस. दोनशे बेचाळीस. आठ महिने."

"मगे मार्चात कागद देवा."

"फेब्रुवारीत देते," कुंदाताई म्हणाल्या. "तुमचा काही भरवसा नाही." आणि चौथ्या रिक्षाच्या आडव्या जाऊन उभ्या राहिल्या.